गॅस गिझरची लाइन: सिलिंडरपासून न्हाणीपर्यंत, आणि गळती तपासायची कशी

परभणीच्या आमच्या घरी पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात तुराट्या-पऱ्हाट्या कोंबायच्या, वरून पाणी ओतत राहायचं आणि तोटीखाली बादली लावायची. पुढे सासूबाईंचे गुडघे धरले आणि शेतातून सरपण येणं थांबलं. विजेचा गिझर लावून पाहिला, पण हिवाळ्यात पारा एक आकडी झाला की नेमकी पहाटेच लाइट जायची. म्हणून गॅस गिझर घेतला.

तेव्हा मला वाटलं होतं, दुकानदार खोकं देईल, मेकॅनिक येऊन भिंतीला ठोकेल आणि झालं. गिझर भिंतीला लावायला खरंच तासभर पुरतो. मुख्य काम असतं ते सिलिंडरपासून गिझरपर्यंतच्या गॅसच्या लाइनीचं, आणि ती गळत नाही हे डोळ्यांनी बघून घेण्याचं. आमच्याकडे हे काम दोनदा करावं लागलं, कारण पहिल्या खेपेला कुणी काही तपासलंच नाही.

पहिल्या खेपेच्या मेकॅनिकनं स्वयंपाकाच्या शेगडीची रबरी नळी मधोमध कापली, तिथं पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला आणि एक फाटा भिंतीतल्या भोकातून गिझरकडे नेला. मग खिशातली काडीपेटी काढून पेटती काडी जोडाजवळ फिरवली. "पेटत नाही म्हंजे लिकेज नाही ताई. बिनधास्त वापरा." दहा-बारा दिवसांनी सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "गॅसचा वास यायलाय गं." मी ओट्याशी उभी होते, मला काहीच येत नव्हता. त्यांच्याजवळ वाकले तेव्हा आला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाच्या नाकापर्यंत वास पोचेपर्यंत खाली बराच गॅस जमलेला असू शकतो, आणि हवेत जेमतेम दोन टक्के गॅस मिसळला तरी ते मिश्रण भडकायला पुरतं.

एक सांगून ठेवते. या लाइनीतला एकही जोड मी स्वतः घातलेला नाही. ते काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिकचं किंवा गिझर कंपनीच्या माणसाचं, आणि त्यांच्याकडूनच करून घ्यावं. पण त्यांच्या शेजारी उभं राहून काय बघायचं, काय विचारायचं आणि कुठं "असं नको" म्हणायचं, ते आपल्याला माहीत पाहिजे.

१. जागा आधी ठरवा: गिझर न्हाणीच्या बाहेर

यात तडजोड करू नका. घरगुती छोट्या गॅस गिझरला बहुधा धुराडं नसतं. तो खोलीतलीच हवा ओढतो आणि जळालेला वायू तिथंच सोडतो. दार-खिडकी बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये प्राणवायू झपाट्यानं कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, पायातलं बळ जातं आणि माणूस कडी काढायच्या आत कोसळतो. गॅस गिझर चालू असताना बंद बाथरूममध्ये गुदमरून गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यांचं कारण बहुतेक हेच. बऱ्याच गिझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, पण तिला हा वायू कळत नाही. ती फक्त वेळ मोजते.

आमचा गिझर आता मागच्या अंगणात, धुणं धुवायच्या जागेवर, पत्र्याच्या छपराखाली आहे. न्हाणीत फक्त गरम पाण्याचा पाइप येतो. फ्लॅट असेल तर ड्राय बाल्कनी उत्तम, पण तिला काचा बसवून ती बंद केलेली नसावी. मेकॅनिक म्हणेल, "एक्झॉस्ट फॅन लावा, चालतंय आतमध्ये." लाइट गेली की तो फॅन बंद, आणि गॅस गिझर आपण घेतला तोच लाइट जाते म्हणून.

२. कागद आणि सामान

कागदांपैकी गॅसचं पुस्तक आणि कनेक्शनचं व्हाउचर काढून ठेवा. दुसरं सिलिंडर अजून घेतलं नसेल तर एजन्सीत अर्ज द्या आणि आधार कार्डाची प्रत जोडा. घर भाड्याचं असेल तर मालकाची, अपार्टमेंट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, कारण भिंतीला भोक पडणार आहे. गिझरचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड जपा. मेकॅनिककडून कामाची पावती घ्या आणि तिच्यावर तारीख टाकून घ्या. कनेक्शन ज्या पत्त्यावर नोंदलेलं असेल तिथल्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा विमा असतो. पत्ता जुना असेल किंवा नळी-रेग्युलेटर बिनशिक्क्याचे असतील तर दावा तिथंच अडकतो. म्हणून घर बदललं असेल तर आधी पत्ता बदलून घ्या.

सामान असं लागतं:

- आयएसआय शिक्क्याचा गिझर. गॅसवरच्या छोट्या वॉटर हीटरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे, तो आकडा पाटीवर शोधा. त्याच पाटीवर "एलपीजी" लिहिलेलं आहे ना, तेही बघा.
- घरगुती रेग्युलेटर, एजन्सीकडूनच घेतलेला. तो सुमारे ३० मिलिबार दाबानं गॅस सोडतो, म्हणजे पाण्याच्या ३० सेंटिमीटर उंचीइतका. हा ३० चा आकडा पुढे कामाला येणार आहे.
- केशरी सुरक्षा नळीचे दोन तुकडे, आयएस ९५७३ चे. एक सिलिंडरजवळ, एक गिझरजवळ. कुठलाही तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको.
- मधल्या अंतरासाठी तांब्याचा पाइप, दोन बॉल व्हॉल्व्ह, नोझल, क्लिपा, क्लॅम्प.
- चाचणीसाठी गवंड्याची लेव्हलची नळी. होय, तीच. सांगते पुढे.

बाजारात हँडल फिरवून दाब कमी-जास्त करता येणारा हाय प्रेशरचा रेग्युलेटर मिळतो. वडेवाल्याच्या भट्टीला असतो तो. "यानं पाणी कडक तापतं" म्हणून कुणी तो लावू पाहिला तर सरळ नाही म्हणा. घरगुती गिझरचा व्हॉल्व्ह तेवढ्या दाबासाठी बनलेलाच नसतो.

३. सिलिंडर कुठं ठेवायचं

गिझरला वेगळं सिलिंडर आणि वेगळा रेग्युलेटर. शेगडीच्या नळीतून टी काढायचा नाही. रबरी नळीत मध्ये जोड आला की तिथं दोन क्लिपा वाढतात, आणि तेच आमच्याकडे गळत होतं.

सिलिंडर उभंच ठेवायचं, जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्याहून वर. तळघरात नाही, खड्ड्यात नाही. जड गॅस उताराकडे वाहतो, त्यामुळे मोरीचं तोंड, ड्रेनेजचं चेंबर आणि पाण्याचा हौद यांच्यापासून ते लांब हवं. आमच्या अंगणात सगळ्यात सोयीची जागा चेंबरच्या झाकणालगत होती, ती सोडून द्यावी लागली. इन्व्हर्टर, मोटारीचं स्टार्टर आणि स्विचबोर्डही जवळ नको. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, म्हणून छप्पर हवंच. पण चारही बाजूंनी बंद पेटी नको, जाळीचा पिंजरा करा आणि जाळी खालपर्यंत येऊ द्या.

सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचा शिक्का वाचायची सवय लावा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. "सी २७" असेल तर २०२७ च्या सप्टेंबरपर्यंत त्या सिलिंडरची तपासणी व्हायला हवी. मुदत उलटलेलं सिलिंडर घेऊ नका.

४. पाइप: कुठून, किती जाड, कसा

आमचं सिलिंडर ते गिझर अंतर नऊ मीटर भरलं. गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा. तेवढ्यासाठी तासाला साधारण एक किलो गॅस लागतो. बारीक पाइपातून एवढा गॅस नेला की वाटेतच दाब मरतो, ज्योत पिवळी-बुटकी होते आणि मग गिझरलाच दोष दिला जातो. बारा मिलिमीटरचा तांब्याचा पाइप आठ-दहा मीटरला पुरतो. दुकानदार सहा मिलिमीटरचा दाखवील कारण तो स्वस्त पडतो आणि हातानं वाकतो. नऊ मीटरला तो उपयोगाचा नाही.

पाइप भिंतीवरून, डोळ्यांना दिसेल असा न्या. आमच्या पेंटरला तो प्लॅस्टरच्या आत हवा होता. भिंतीत गाडलेल्या पाइपाचा जोड गळायला लागला तर गॅस विटांच्या पोकळीतून भलत्याच खोलीत निघतो. जिथं भिंत ओलांडायचीच आहे तिथं आधी मोठ्या पाइपाचा तुकडा बसवायचा आणि त्यातून तांब्याचा सरकवायचा, त्या तुकड्यात जोड ठेवायचा नाही. साधारण मीटर-मीटरवर क्लॅम्प हवा. विजेच्या वायरीच्या पट्टीला चिकटून पाइप नेऊ नका आणि त्यावर कपडे वाळत घालू नका. हे दुसरं मी लिहिते आहे, कारण आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात त्यावर साडी होती.

जोड जितके कमी तितकं बरं. वळणाला जोडाऐवजी पाइपच वाकवून घ्या, त्यासाठी बेंडर लागतो. गुडघ्यावर वाकवलेला पाइप दबतो. आट्यांच्या जोडांना प्लंबरची पांढरी टेप नको, गॅसची पिवळी टेप वेगळी मिळते. एक बॉल व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, एक गिझरच्या अलीकडे. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. घरातल्या सगळ्यांना, पोरांनासुद्धा, ते दाखवून ठेवा.

आणि काम अर्ध्यात सोडून मेकॅनिक जेवायला गेला तर पाइपाची उघडी तोंडं बूच लावून बंद करा. आमच्याकडे काम दोन दिवस रखडलं, तेवढ्यात कुंभारीण माशीनं पाइपाच्या तोंडात मातीचं घर बांधून टाकलं. तार घालून माती काढली, मग पंपानं हवा मारून पाइप साफ केला. आतच राहिली असती तर नंतर ती गिझरच्या जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसली असती.

५. चाचणी: गॅस सोडण्याआधी, हवेनं

इथं घाई करू नका. मेकॅनिकला पुढचं काम गाठायचं असतं, तो म्हणेल, "वास घेऊन बघू की." वासानं मोठी गळती कळते. बारीक गळती आठवड्यानं कळते, तीही खाली बसलेल्या माणसाला.

आमच्या दुसऱ्या मेकॅनिककडं दाबमापी नव्हता. शेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या गवंडीकाकांकडून मी लेव्हलची नळी मागून आणली, ती पारदर्शक, पाणी भरून दोन खांबांची पातळी मिळवतात ती. दीड-दोन मीटर तुकडा पुरतो. तो इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून फळीला बांधला, निम्म्यापर्यंत पाणी भरलं, पाण्यात चिमूटभर नीळ टाकली म्हणजे पातळी स्वच्छ दिसते. शेजारी मोजपट्टी चिकटवली. झाला दाबमापी.

मग हे असं केलं:

सिलिंडर आणि गिझर दोन्ही लाइनीपासून अलग. गिझरकडचा बॉल व्हॉल्व्ह बंद. सिलिंडरकडच्या टोकाला तात्पुरता टी: त्याच्या एका फाट्यावर यू नळीचं एक टोक, दुसऱ्यावर छोटी तोटी आणि तिच्यापुढे हवा भरायची सोय. यू नळीचं दुसरं टोक उघडं.

हवा किती भरायची? रेग्युलेटरचा दाब ३० सेंटिमीटर पाणी, म्हणून चाचणी दीडपट दाबाला, म्हणजे यू च्या दोन्ही बाजूंच्या पातळीत ४५ सेंटिमीटर फरक. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण नऊ मीटर पाइपात जेमतेम पाऊण लिटर हवा मावते. हे आम्हाला माहीत नव्हतं. माझ्या मुलानं सायकलचा पंप लावला आणि जोरात एक दट्ट्या मारला. निळं पाणी कारंज्यासारखं उडून मेकॅनिकच्या शर्टावर गेलं. मग घरातल्या ब्लड प्रेशरच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा लावला. हळूहळू दोनदा दाबला आणि पाणी ४५ वर आलं. तोटी बंद केली.

तोंडानं फुंकू नका. आपला श्वास गरम आणि ओलसर असतो, पाइपात गेला की थंड होतो आणि पातळी आपोआप उतरते. उगाच गळतीचा भास होतो.

आता पाच-दहा मिनिटं नुसतं थांबायचं, हवेचं तापमान पाइपाइतकं होऊ द्यायचं. मग पातळीवर स्केचपेननं खूण करायची आणि अर्धा तास बघायचं. चहाचा एक चमचा हवा गळाली तरी फरक चार-साडेचार सेंटिमीटरनं कमी होतो, इतकी ही साधी नळी चोख आहे. पाणी खुणेवरून हललं नाही तर लाइन पास.

आमचं हललं, आणि तेही उलटं. वीस मिनिटांत पातळी वर चढली. मेकॅनिक हसायला लागला, "वाढायलाय ताई, आता काय म्हणावं?" दहा मिनिटांनी ती खाली आली, तेव्हा त्याचं हसू गेलं. कारण समोरच होतं. दहाचं ऊन छपराच्या फटीतून पाइपावर आलं होतं, आणि मग ढग आला. बंद पाइपातली हवा एका अंशानं तापली की पातळीतला फरक साधारण दोन सेंटिमीटरनं बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, ऊन यायच्या आत पुन्हा चाचणी घेतली. अर्धा तास पाणी खुणेवर चिकटून उभं. हीच चाचणी मी ग्राह्य धरली. तुम्हीही सकाळीच करा, किंवा सूर्य मावळल्यावर.

पातळी सतत, एकाच दिशेनं उतरत असेल तर गळती आहे. आधी तात्पुरता टी आणि यू नळीची क्लिप तपासा, कारण दहापैकी निम्म्या वेळा चोर तिथंच असतो. मग एकेका जोडाला साबणाचं पाणी. दुरुस्त केल्यावर चाचणी पहिल्यापासून. "आता गळत नसणार" हे चालत नाही.

६. गॅस सोडणं आणि साबणाचं पाणी

लाइन पास झाली की रेग्युलेटर आणि गिझर जोडायचे. केशरी नळी नोझलवर पुरती सरकवून क्लिप आवळायची. नळी सरकत नाही म्हणून कुणी ती गरम पाण्यात बुडवून किंवा काडीनं शेकून मऊ करू लागला तर थांबवा.

गॅस सोडताना दारं-खिडक्या उघड्या, आसपास देवघरातला दिवाही नको. आता सिलिंडरचा रेग्युलेटर आणि दोन्ही बॉल व्हॉल्व्ह चालू, गरम पाण्याचा नळ अजून बंद. वाटीभर पाण्यात शाम्पू कालवून रंगाच्या जुन्या ब्रशानं प्रत्येक जोडाला फेस लावा: रेग्युलेटर आणि सिलिंडरचा जोड, नोझलची दोन्ही टोकं, बॉल व्हॉल्व्हच्या दांडीचं बूड (हे हमखास विसरतं), गिझरखालचा नट. एकेका जागी मिनिटभर टक लावून बघा. मोठी गळती बुडबुडे फुगवते, बारीक गळती दह्यासारखा पांढरा फेस हळूहळू वाढवत नेते. बॅटरीचा उजेड पाडून बघितलं तर लवकर दिसतं. झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून घ्या, पितळेवर साबण वाळू देऊ नका.

काडी पेटवून गळती शोधायची नाही. कितीही अनुभवी माणूस असला तरी नाही.

मग गिझरला सेल घालून गरम पाण्याचा नळ सोडा. पाइपात हवा असते म्हणून पहिल्यांदा टिकटिक होऊन तो पेटत नाही. नळ बंद करा, जरा थांबा, पुन्हा सोडा. चार-पाच वेळा करावं लागतं. पेटल्यावर खिडकीतून ज्योत बघा. निळी आणि स्थिर असेल तर ठीक. पिवळी, लवलवणारी किंवा काजळी धरणारी असेल तर गिझर बंद करून मेकॅनिकला परत बोलवा.

७. पाण्याची बाजू

गॅसचं सगळं नीट होऊनही गिझर पेटत नाही, अशी तक्रार आपल्याकडं फार. कारण बहुधा पाण्याचा दाब. गिझर पाण्याच्या दाबानं चालू होतो. किमान किती दाब हवा ते खोक्यावर लिहिलेलं असतं. गच्चीवरच्या टाकीचा दर एक मीटर उंचीला ०.१ बार दाब मिळतो. खोक्यावर ०.०२५ एमपीए असेल तर ते ०.२५ बार, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरच्या अडीच मीटर वर हवी. वरच्या मजल्यावर हे बसत नाही. तिथं कमी दाबावर चालणारा गिझर घ्या किंवा टाकीला स्टँड करा.

गरम पाण्याला पांढरा पीव्हीसी पाइप नको, तो मऊ पडून वाकतो. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी घ्या.

मराठवाड्यात बोअरचं पाणी जड. आमच्याकडं पातेल्याला जे पांढरं बसतं तेच गिझरच्या आतल्या तांब्याच्या नळीला बसतं. पाण्याची धार बारीक झाली, आवाज यायला लागला की समजायचं. वर्षातून एकदा लिंबूसत्वाचं पाणी फिरवून साफ करून घ्या, आणि थंड पाण्याच्या तोंडाला असलेली जाळी महिन्याला धुवा. नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं तेव्हा पहिल्या धारेबरोबर गाळ येतोच.

८. वापरताना

हिशेब आधी समजून घ्या. चार माणसं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे रोज साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास गॅस. १४.२ किलोचं सिलिंडर बावीस दिवस. आमच्याकडे बादलीनं अंघोळ करतात म्हणून महिना ओलांडतं.

कडाक्याच्या थंडीत, सिलिंडर संपत आलं की ज्योत मंदावते. गार सिलिंडरमध्ये गॅसची वाफ कमी होते, एवढंच ते असतं. लोक सिलिंडर आडवं करतात किंवा गरम पाण्याच्या परातीत ठेवतात. दोन्ही धोक्याचं. आडवं केलं की द्रवरूप गॅस सरळ रेग्युलेटरमध्ये येतो. उन्हं वर येईपर्यंत थांबा, नाहीतर भरलेलं सिलिंडर जोडा.

अंघोळी आटोपल्या की रेग्युलेटर बंद. मार्चनंतर गिझर लागत नाही, तेव्हा रेग्युलेटर काढून सिलिंडरला दोरीचं टोपण लावायचं. दिवाळीत पुन्हा सुरू करताना आधी साबणाचं पाणी, आणि बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं आहे का ते बघणं. उंदीर-घुशी नळी कुरतडतात, म्हणून सिलिंडरकडची नळी हातानं पूर्ण चाचपायची. नळी पाच वर्षांनी बदलायची.

वास आलाच तर रेग्युलेटर बंद, दारं उघडी, सगळे बाहेर. कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. फोनसुद्धा अंगणात जाऊन. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

पाइपचा गॅस आला तर

काही शहरांत नळीनं येणारा गॅस पोचतो आहे, आपल्याकडेही कुणाकुणाला मिळेल. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो, आणि घरात सुमारे २१ मिलिबार दाबानं येतो. एलपीजीचा गिझर त्याला तसाच जोडायचा नाही, जेट बदलावे लागतात. मीटरनंतरची लाइनही कंपनीच्या माणसाकडूनच घालून घ्यायची. चाचणीच्या वेळी मात्र उभं राहा.

आमच्या फळीवरची यू नळी मी गवंडीकाकांना परत केली नाही, नवीन आणून दिली. जुनी अजून माळ्यावर आहे, आतापर्यंत गल्लीतल्या तीन घरांत जाऊन आली. नळी बदलायची तारीख मी ऑइलपेंटनं पिंजऱ्याशेजारी भिंतीवर लिहिली आहे. सासूबाईंनी त्याखाली हळदीकुंकवाची दोन बोटं लावली आणि म्हणाल्या, "बंबाला लावत होते, ह्याला काय झालं?"